ब्रिटिश संसद आणि मतदार

विल्टशरमधील ओल्ड सेरम या टेकडीवर मध्ययुगात नांदते नगर होते. तेराव्या शतकात तेथील कॅथीड्रल शेजारच्या सॉल्झबरीला हलले, पाठोपाठ वस्तीही गेली, आणि मागे मातीचे तट व पडक्या भिंती उरल्या. तरीही १८३२ पर्यंत हे ओसाड टेकाड कॉमन्स सभागृहात दोन सभासद पाठवत होते. तेथे मताचा हक्क जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना जोडलेला होता. तुकडे ज्याच्या मालकीचे, मतदारही त्याचेच. पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या थॉमस पिटने सतराव्या शतकाच्या अखेरीस ही मालमत्ता विकत घेतली. त्याचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये येथूनच निवडून आला. निवडून आला म्हणायचे ते रीतीपुरते. सफोकच्या किनाऱ्यावरील डनिच गावाचा बराच भाग समुद्राने गिळला होता, पण त्याच्याही दोन जागा शाबूत होत्या. गिरण्यांनी फुगलेल्या मँचेस्टरला मात्र एकही जागा नव्हती. १६ ऑगस्ट १८१९ रोजी तेथील सेंट पीटर्स फील्डवर सुधारणेची मागणी करायला हजारो लोक जमले, तेव्हा त्यांच्यावर घोडदळ घालण्यात आले. किमान पंधरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली.

१८३२ चा सुधारणा कायदा आला तो या दबावाखाली. आदल्या वर्षी लॉर्ड्स सभागृहाने विधेयक फेटाळताच ब्रिस्टल आणि नॉटिंगहॅममध्ये दंगली उसळल्या. विधेयक मंजूर होण्यापुरते नवे उमराव नेमण्यास राजा चौथा विल्यम अखेर तयार झाला, आणि त्या धाकानेच जुने उमराव नमले. ओल्ड सेरमसारख्या ५६ मतदारसंघांचे प्रतिनिधित्व संपले. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्सला जागा मिळाल्या. मात्र पंतप्रधान ग्रे यांना लोकशाही आणायची नव्हती, क्रांती टाळायची होती. इंग्लंडमध्ये मत मिळाले ते साधारण पाच प्रौढ पुरुषांपैकी एकाला, आणि स्त्रियांना तर प्रथमच कायद्याच्या मजकुरातच वगळण्यात आले.

पुढची शंभर वर्षे हाच क्रम चालला: मागणी, नकार, मग थोडेसे पदरात. कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीच्या १८३८ च्या सनदेत सहा मागण्या होत्या. त्यांपैकी गुप्त मतदान १८७२ मध्ये मिळाले. तोवर कूळ आपल्या जमीनदारासमक्ष मत सांगत असे. खासदारांना वेतन १९११ मध्ये सुरू झाले. वेतनाअभावी मजुराला निवडून येणे शक्य असले तरी लंडनात राहणे परवडत नसे. दरवर्षी निवडणूक ही एकच मागणी कधी मान्य झाली नाही. १८६७ आणि १८८४ च्या कायद्यांनी मतदार वाढले, तरी पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सुमारे चाळीस टक्के पुरुष मताविना होते. १९१८ मध्ये २१ वर्षांवरील पुरुषांना, आणि ३० वर्षांवरील, तेही मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. स्त्री-पुरुषांची अट सारखी झाली १९२८ मध्ये. विद्यापीठाचे पदवीधर आणि व्यवसायाची जागा असणारे यांचे दुसरे मत १९४८ च्या कायद्याने गेले. एका माणसाला एकच मत या नियमाने झालेली पहिली ब्रिटिश सार्वत्रिक निवडणूक १९५० ची. प्रौढ मताधिकारावर झालेली भारताची पहिली निवडणूक त्यानंतर दोनच वर्षांत पार पडली.

या वाटचालीत साम्राज्य कुठेच बसत नाही. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांनी निवडून आले. ज्या सभागृहात ते बसले, ते कोट्यवधी भारतीयांसाठी कायदे करीत होते आणि भारतातल्या एकाही माणसाला त्यासाठी मत नव्हते. ब्रिटिश लोकशाहीच्या इतिहासांत ही बाब सहसा तळटीपेत जाते. ती मुख्य मजकुरात यायला हवी.

मत सर्वांना मिळाले, पण सत्तेचा जुना सांगाडा तसाच राहिला. कायद्याच्या दृष्टीने ब्रिटनमध्ये सार्वभौम आहे ती संसद, जनता नव्हे. एकसंध लिखित संविधान नसल्याने साध्या बहुमताने काहीही बदलता येते. १७१६ मध्ये तीन वर्षांसाठी निवडून आलेल्या सभागृहाने आपलीच मुदत सात वर्षे करून घेतली. १९३५ ची संसद युद्धामुळे जवळजवळ दहा वर्षे चालली. राजाने विधेयकाला संमती नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ चा, राणी ॲनच्या काळातला. पण राजाचे कितीतरी अधिकार नाहीसे न होता पंतप्रधानांच्या हाती आले. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने संसद तहकूब झाली, ती तहकुबी बेकायदा ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला मध्ये यावे लागले.

लॉर्ड्सनी १९०९ चा अर्थसंकल्प अडवला, त्याचे फळ म्हणजे १९११ चा संसद कायदा. अर्थविधेयक महिनाभर आणि इतर विधेयके दोन वर्षे, एवढेच अडवणे त्यांच्या हाती राहिले. १९४९ मध्ये दोनाचे एक वर्ष झाले. १९९९ मध्ये ९२ वगळता वंशपरंपरागत उमराव बाहेर गेले. त्यांच्या जागी निवडून आलेले मात्र कोणी आले नाही. सभागृह मुख्यतः पंतप्रधानांनी सुचवलेल्या तहहयात सभासदांचे झाले, आणि इंग्लंडच्या चर्चचे २६ बिशप पूर्वीप्रमाणे बसत राहिले.

तरीही ही लोकशाही निव्वळ देखावा नाही. जुलै १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध जिंकून तीन महिनेही झाले नसताना, मतदारांनी चर्चिल यांना घरी बसवले आणि सत्तांतर कुरबुरीविना झाले. सरकार बदलण्याची ताकद मतदाराकडे खरोखर आहे. अडचण आहे ती मते मोजण्याच्या पद्धतीत. मतदारसंघात सर्वांत जास्त मते मिळवणारा विजयी, बाकीची मते वाया, हा नियम असल्याने १९५१ मध्ये मजूर पक्षाला अधिक मते आणि हुजूर पक्षाला अधिक जागा मिळाल्या. फेब्रुवारी १९७४ मध्ये नेमके उलटे घडले. २०२४ मध्ये मजूर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. रिफॉर्म यूके पक्षाच्या १४ टक्के मतांना पाच जागा आल्या. भारताने हीच पद्धत उचलली आणि तिचे हेच परिणाम येथेही दिसतात. ब्रिटिश मतदारांना तिच्याविषयी थेट विचारले गेले ते एकदाच, मे २०११ च्या सार्वमतात. समोर ठेवलेला पर्याय पसंतीक्रमाच्या मतदानाचा होता, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा नव्हता. निम्म्याहून कमी मतदार केंद्रावर गेले, आणि त्यांतल्या सुमारे ६८ टक्क्यांनी जुनीच पद्धत कायम ठेवली.