वीरगाथेचें श्रवण : ट्रॉयपासून अस्तंब्यापर्यंत

महाकाव्य हें मुळांत वाचावयाचें नव्हे, ऐकावयाचें. ग्रंथ हातीं घेऊन एकट्यानें मुकाट्यानें वाचीत बसणें ही मनुष्यजातीची फार अलीकडची संवय आहे. ग्रीकांचा आदिकवि होमर याचें ‘इलियड’ सुमारें पंधरा हजार सातशें ओळींचें, आणि ‘ओडिसी’ बारा हजारांहून अधिक ओळींचें. परंतु हीं काव्यें लेखणीच्या स्वाधीन होण्यापूर्वीं त्यांतील कथा तंतुवाद्याच्या साथीवर गायकांच्या कंठांत नांदत होत्या. आपल्या महाभारताची घडणहि तशीच. जनमेजयाच्या सर्पसत्रांत वैशंपायन सांगतो व राजा ऐकतो. तीच कथा पुढें नैमिषारण्यांत सौति शौनकादि ऋषींना ऐकवितो. आणि रणांगणावरचा वृत्तांत संजय अंध धृतराष्ट्राच्या कानीं घालतो. सारांश, जेथें वीरगाथा तेथें श्रोता हा हवाच.

मग अशी गाथा ऐकतांना श्रोत्याच्या मनांत घडतें तरी काय? ह्या प्रश्नाचें उत्तर होमरनेंच देऊन ठेविलें आहे. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गांत ओडिसियस हा अनोळखी पाहुणा म्हणून अल्किनूस राजाच्या दरबारीं बसला आहे. तेथें डेमोडोकस नांवाचा अंध गायक आहे. ओडिसियस त्याला लांकडी घोड्याची कथा गावयास सांगतो. ती युक्ति खुद्द ओडिसियसची. तिच्याच योगानें दहा वर्षें न पडलेलें ट्रॉय नगर एका रात्रींत पडलें. आपल्या पराक्रमाचें गान ऐकून त्याची छाती फुगावी अशी कोणाचीहि अपेक्षा असणार. परंतु तो रडूं लागतो. आणि कवि म्हणतो कीं, नगराच्या रक्षणार्थ पडलेल्या पतीच्या देहाला मिठी मारून, मागून शत्रूच्या भाल्यांचे टोले बसत असतां, एखादी स्त्री आक्रोश करिते, तसा तो रडला. जेत्याच्या डोळ्यांतून जितांच्या विधवेचे अश्रु वाहिले! वीरगाथेच्या श्रवणाचें खरें फळ तें हेंच. तिनें बाहू स्फुरतात हें खरें. पण ती उत्तम असेल तर दुसऱ्या बाजूचें दुःखहि आपलेंसें होतें.

ही परंपरा पश्चिमेंत अद्याप जिवंत आहे, आणि तीहि अशा ठिकाणीं कीं जेथें वृद्ध मंडळी ती शोधावयास सहसा जाणार नाहींत. इ. स. १९८० नंतरच्या दशकांत युरोप-अमेरिकेंत ‘पॉवर मेटल’ नांवाचा एक संगीतप्रकार उदयास आला. विद्युत् गिटारांचा गडगडाट, दोन्ही पायांनीं अति द्रुत लयींत वाजविले जाणारे ढोल, उंच पट्टींतील गायन आणि विषय बहुधा पुराणांतले व युद्धाचे, असें त्याचें स्वरूप आहे. ह्या किंवा ह्याच्या निकटच्या शैलींत ग्रीक पुराणकथांवर दीर्घ रचना झाल्या आहेत. ‘मॅनोवॉर’ ह्या अमेरिकन वाद्यवृंदानें १९९२ सालीं अकिलीसवर अठ्ठावीस मिनिटांची, आठ भागांची रचना केली. ‘सिंफनी एक्स’ ह्या दुसऱ्या अमेरिकन वृंदानें २००२ सालीं ओडिसियसच्या प्रवासावर चोवीस मिनिटांची. पण श्रवणाच्या दृष्टीनें अधिक विचार करण्याजोगें गीत ‘ब्लाइंड गार्डियन’ ह्या जर्मन वृंदाचें आहे. क्रेफेल्ड नगरांतील ह्या मंडळींनीं २००१ सालीं ‘अँड देन देअर वॉज सायलेन्स’, म्हणजे ‘आणि मग शांतता पसरली’, हें चौदा मिनिटांचें गीत प्रसिद्ध केलें. विषय ट्रॉयचे अखेरचे दिवस, आणि तेहि राजकन्या कॅसँड्राला दिसलेले.

ह्या कॅसँड्राला अपोलो देवानें भविष्यज्ञानाचा वर दिला, आणि तिनें त्याचा अव्हेर करितांच, तुझें बोलणें कोणीहि खरें मानणार नाहीं, असा शापहि दिला. नगराचा नाश तिला स्पष्ट दिसतो. ती ओरडून सांगते. पण कोणी ऐकत नाहीं. आपल्या विदुराची आठवण व्हावी अशी ही व्यथा आहे. ज्याचे कान तंबोऱ्याच्या सुरावर वाढले त्याला हें गीत प्रथम केवळ कोलाहल वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीं मात्र त्या कोलाहलांतील रचना उलगडूं लागते. एकाच कंठाचे ध्वनिमुद्रित थर एकावर एक चढवून समुदायाचा घोष निर्माण केलेला असतो. एकच धृपद घोळवीत न बसतां गीत प्रसंगामागून प्रसंग बदलत पुढें जातें. तें ऐकतांना एका व्यक्तीच्या आवाजामागें सबंध नगर गलबलत असल्याचा भास होतो. आणि त्या गलबल्याचा शेवट कशांत होणार तें शीर्षकानें आधींच सांगून ठेविलें आहे.

महाराष्ट्राला हें सर्वस्वीं अपरिचित म्हणतां येणार नाहीं. आपल्याकडे पोवाडा आहे. शाहिराच्या हातीं डफ, साथीला तुणतुणें, आणि मागें झील धरणारे झीलकरी. लढाई जवळ येतांच लय चढते, शाहीर मध्येंच गद्यांत दोन वाक्यें बोलून प्रसंग उभा करितो, आणि झीलकऱ्यांच्या घोषानें एका कंठाचे दहा कंठ होतात. यंत्रानें जें जर्मनींत साधलें तें येथें माणसांच्या गळ्यांनीं साधत आलें आहे. अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडा शिवकालीन म्हणून प्रसिद्ध आहेत. पानिपतच्या संहारावरहि पोवाडे झाले. म्हणजे पराभवहि मराठी शाहिरानें गाइला आहे. हे पोवाडे नष्ट होऊं नयेत म्हणून शंकर तुकाराम शाळिग्राम आणि मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅक्वर्थ ह्यांनीं ते मिळवून १८९१ सालीं छापिले, आणि १८९४ सालीं अॅक्वर्थनें त्यांतील कांहींचें इंग्रजी पद्यांत भाषांतर प्रसिद्ध केलें.

आतां खानदेशाकडे वळूं. ट्रॉयचें युद्ध रात्रीं संपलें. घोड्याच्या पोटांतून उतरलेल्या सैनिकांनीं निद्रिस्त नगर कापून काढलें. महाभारताचें युद्धहि वस्तुतः रात्रींच संपतें. सौप्तिकपर्वांत अश्वत्थामा पांडवांच्या शिबिरांत शिरून झोंपलेल्या वीरांना ठार करितो. त्याला शासन म्हणून मस्तकावरचा मणि जातो व भळभळती जखम घेऊन भटकणें नशिबीं येतें. हा अश्वत्थामा खानदेशांत केवळ पोथींत राहिलेला नाहीं. आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत, जो १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्याचा भाग होता, सातपुड्याच्या रांगेंत चार हजार फुटांहून उंच असें अस्तंबा शिखर आहे. तो तेथें वावरतो व जखमेवर घालण्यासाठीं तेल मागत फिरतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीच्या सुमारास हजारों यात्रेकरू तो डोंगर चढतात. जुन्या खानदेशांतील बऱ्हाणपुराजवळच्या असीरगडाशींहि त्याची आख्यायिका जोडलेली आहे.

ग्रीकांच्या कथेंतहि असाच एक न भरणाऱ्या जखमेचा वीर आहे. फिलोक्टेटीस त्याचें नांव. सर्पदंशाच्या व्रणाची दुर्गंधी व त्याचा आक्रोश सोसवेना म्हणून सोबत्यांनीं त्याला लेम्नॉस बेटावर टाकून दिलें. परंतु पुढें त्याच्या धनुष्यावांचून ट्रॉय पडत नाहीं असें कळल्यावर त्याला परत आणिलें, आणि त्याची जखम बरी झाली. अश्वत्थाम्याची बरी होत नाहीं. ग्रीकांनीं आपल्या जखमी वीराला सैन्यांत परत घेतलें. आपण त्याला डोंगरावर ठेविलें, पण दरसाल भेटावयास जातों. दोन समाजांच्या मनाचा हा भेद मोठा अर्थपूर्ण आहे.

अशा साम्यांनीं प्राचीनहि चकित झाले होते. ग्रीक वक्ता डिओ क्रिसोस्टम ह्यानें सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं असें सांगितलें कीं, हिंदुस्थानांतले लोक होमरचें काव्य आपल्या भाषेंत गातात; प्रायमचें दुःख आणि अकिलीस-हेक्टरचें शौर्य त्यांना ठाऊक आहे. त्याच्या कानीं महाभारताचीच वार्ता गेली असावी, असें अनेक विद्वानांचें मत आहे. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्याचें नांव कोरलेलें आहे; तेव्हां अशी वार्ता समुद्रापार जाण्यास माणसें होतीं.

परंतु गाथा टिकते ती गाणारा व ऐकणारा दोघेहि टिकले तर. मिलमन पॅरी ह्या अमेरिकन पंडितानें १९३३ ते १९३५ ह्या काळांत युगोस्लाव्हियांत फिरून लोकगायकांचें ध्वनिमुद्रण केलें. अवदो मेजेदोविच नांवाच्या निरक्षर गायकानें त्याला बारा हजारांहून अधिक ओळींचें एक काव्य सांगितलें. आणि होमरच्या रचनेचें रहस्य पंडितांना तेव्हां उमगूं लागलें. खानदेशाला हा धडा घरांतच मिळालेला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांचीं गाणीं पुत्र सोपानदेव व आप्त ह्यांनीं टिपून ठेविलीं म्हणूनच, त्या १९५१ सालीं निवर्तल्यावर, १९५२ सालीं तीं महाराष्ट्राच्या हातीं आलीं. कोणी टिपलीं नसतीं तर जात्याबरोबरच तीं थांबलीं असतीं.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले, आणि पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ उभें राहिलें. कागदाला असा आश्रय मिळाला. पण डफावर चालणारें वहीगायन, कानबाईचीं अहिराणी गाणीं, सातपुड्यांतील आदिवासींच्या रात्र रात्र चालणाऱ्या कथा, ह्यांना दफ्तर नसतें. त्यांचें दफ्तर म्हणजे एक म्हातारा कंठ. ध्वनिमुद्रणाचें साधन आज घरोघरीं तरुणांच्या खिशांत आहे. तेच तरुण कानांत तारा घालून ट्रॉयचें गान ऐकत असतील तर त्यांना हिणविण्याचें कारण नाहीं. तें ऐकावें, समजून घ्यावें. मात्र त्याच साधनानें एकदां आपल्या आजीच्या गाण्याचेंहि मुद्रण करावें. कॅसँड्राचें बोलणें कोणीं ऐकलें नाहीं म्हणून ट्रॉयवर शांतता पसरली. खानदेशच्या गाथांवर ती पसरूं नये, एवढें आपल्या हातीं आहे.