हृदयविकाराचा झटका आणि 'दाह'

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, की त्या धमनीवर अवलंबून असलेला स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. औषधाने गुठळी विरघळली किंवा अँजिओप्लास्टीने धमनी मोकळी झाली, की संकट संपले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात स्नायूची अंतिम हानी किती होणार, हे त्यानंतरच्या दिवसांत हृदयात होणाऱ्या दाहावरही अवलंबून असते.

दाह म्हणजे इजा झालेल्या जागी रोगप्रतिकारक यंत्रणेने दिलेला प्रतिसाद. कापलेल्या बोटाला येणारी लाली, सूज आणि ठणका ही त्याचीच लक्षणे होत.

रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यावर साधारणतः २० ते ३० मिनिटांत स्नायुपेशी कायमच्या मरू लागतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये धोक्याचा इशारा देतात आणि काही तासांतच 'न्यूट्रोफिल' या पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. मृत पेशींची सफाई हे त्यांचे काम. परंतु त्यासाठी त्या जी विकरे आणि प्राणवायूची तीव्र संयुगे सोडतात, त्यांमुळे शेजारच्या जिवंत पेशीही होरपळतात. बंद धमनी उघडल्यावर अचानक परतणारे रक्तही या हानीत काही भर घालते. तरीही धमनी लवकरात लवकर उघडणे हाच स्नायू वाचविण्याचा सर्वांत मोठा उपाय आहे.

पाठोपाठ 'मॅक्रोफेज' पेशींचे काम सुरू होते. आरंभी त्या सफाई करतात आणि चार-पाच दिवसांनंतर दुरुस्तीकडे वळतात. त्यांच्या संदेशांमुळे कोलॅजेनचे धागे विणले जाऊन काही आठवड्यांत घट्ट वण तयार होतो. हृदयाच्या स्नायुपेशी पुन्हा फारशा निर्माण होत नसल्याने हा वणच हृदयाच्या भिंतीला आधार देतो. दाह लांबला, तर भिंत पातळ होऊन हृदय पसरते व पुढे ते निकामी होऊ शकते. दाह पूर्णपणे दडपला, तर वण कच्चा राहून भिंत फाटण्याचा धोका संभवतो.

याचा अनुभव वैद्यकशास्त्राने घेतला आहे. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या वारंवार मात्रा दिलेल्या रुग्णांत स्नायूची हानी वाढल्याचे आढळले.

अलीकडील संशोधनाचा भर झटक्यानंतर टिकून राहणारा दाह शमवून पुढील झटके टाळण्यावर आहे. २०१७ च्या 'कँटोस' चाचणीत १०,०६१ रुग्णांचा समावेश होता. कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणा जंतुसंसर्ग वाढला. संधिवाताच्या एका प्रकारावरील जुने औषध कोल्चिसिन २०१९ च्या 'कोलकॉट' चाचणीत लाभदायक ठरले; पण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'क्लिअर' चाचणीत ७,०६२ रुग्णांना त्याचा फायदा दिसला नाही. दाह केव्हा, किती आणि कोणत्या रुग्णात आवरावा, हा प्रश्न म्हणूनच अद्याप खुला आहे.

रुग्णासाठी यातील बोध सरळ आहे. छातीत दुखू लागताच विनाविलंब रुग्णालय गाठावे. झटक्यानंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांमुळे हृदयाचा धोका वाढतो. गुठळी टाळण्यासाठी दिलेली ॲस्पिरिनची अल्प मात्रा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.