गटाची जुनी गाडी आणि पॉवर स्टिअरिंग

आम्ही कफ परेडच्या मच्छीमार नगरातून बोलतोय.

जवळचा ससून डॉक 1875 सालचा. आमच्या आज्या मासळीच्या पाट्या डोक्यावर वाहायच्या. पुढे कुर्ल्यात बनलेली पद्मिनी टॅक्सी आली, 1983 मध्ये मारुती 800 आली. दोन्हींचं स्टिअरिंग हाताच्या जोरावर फिरायचं. अमेरिकेत मात्र क्रायस्लरने 1951 मध्येच मोठ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग दिलं होतं. छोट्या गाडीला झेपेल असं विजेवरचं स्टिअरिंग सुझुकीने 1988 मध्ये जपानात आणलं.

आमच्या गटाची गाडी जुनी 800. चालवणाऱ्या ताईंचा खांदा दुखतो. बाहेरून पॉवर स्टिअरिंग बसवावं का?

बैठकीत आम्ही ठरवलं, आधी टायरची हवा, अलाइनमेंट आणि स्टिअरिंगचे सांधे तपासायचे. उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही, गाडी थोडी सरकू द्यायची. बसवणं चुकलं तर ऐन वळणावर स्टिअरिंग अडकेल, जिवावर बेतेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही; आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारावं लागतं.

म्हणून बचतीचे पैसे आम्ही राखून ठेवले. पुढची गाडी कंपनीतूनच पॉवर स्टिअरिंग असलेली घेऊ. तोवर ताईंच्या जोडीला दुसरी बहीण गाडी शिकतेय. खांदा एकीचा, पण काळजी सगळ्यांची.