वजनकाट्याची ग्वाही

‘अंगावर मांसच नाही, मले काय होते?’ बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळी सुटल्यावर तर्री-पोह्यांच्या टपरीवर हे बोल हमखास कानी पडतात. या पूर्वपक्षाला हसण्यावारी नेऊ नये. बोलणारा दिवसभर उभ्याने राबतो, वजन पासष्टच्या आत आणि साखर ‘थोडी वर’. हृदयविकार हा त्याच्या लेखी धरमपेठेसारख्या श्रीमंत वस्तीतल्या गाडीवाल्यांचा रोग. अंगमेहनत हृदयाला उपकारक असते, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. पण वजन बेताचे म्हणून हृदय निर्धोक, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याला दोघे सारखेच दिसले. याज्ञिकांच्याच चमूला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच आढळले होते. त्यांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५, कमी भरले ते स्नायू, चरबी बरीचशी राखलेली. ही बाळे शेतकऱ्यांच्या घरची होती. तेव्हा ‘हा श्रीमंतांचा रोग’ हा आधारही टिकत नाही.

चरबी कुठे साठते, याला फार महत्त्व आहे. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्ले थेट यकृतात जातात. यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड ओतू लागते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, इन्सुलिनचा अंमल चालेनासा होतो. मग साखर चढते, बहुधा रक्तदाबही, आणि रोहिणीचे नाजूक अस्तर दुखावून तिथे मेदाचे थर बसू लागतात. म्हणजे पोट, साखर आणि हृदय हे तीन वेगळे आजार मानून तीन फायली करणे मुळातच चूक. बावन्न देशांतल्या सत्तावीस हजारांवर लोकांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याशी कंबर-नितंब गुणोत्तराचे नाते बीएमआयपेक्षा कितीतरी घट्ट निघाले.

यावर कोणी म्हणेल, ‘माझी पँट चौतीसचीच आहे.’ हा पुरावा मी मानत नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली आवळतो, म्हणून पँटचा नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सोडून. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की वजन काहीही असो, तपासणी हवी. रात्रपाळी करणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. पाळ्यांत काम करणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळतो.

दुसरा पक्ष अधिक शहाणा वाटतो: ‘गोळी चालू आहे, साखर ताब्यात आहे, मग हृदयाची काळजी कशाला?’ ती काळजी उरतेच. २००८ साली अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड’ चाचणीत साखर फार कडकपणे उतरवलेल्या गटात मृत्यू वाढले आणि तो प्रयोग अर्ध्यात थांबवावा लागला. उलट डेन्मार्कच्या ‘स्टेनो-२’ चाचणीत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, तंबाखू या सगळ्यांकडे एकदम लक्ष दिले, तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार जवळपास निम्म्यावर आले. म्हणून साखर सोडून द्यायची असे नव्हे. तिच्या एकटीच्या आकड्यावर निश्चिंत राहायचे नाही.

आणि ‘छातीत दुखलं तर बघू’ हे तर सर्वांत घातक. जुन्या मधुमेहात मज्जातंतू बधिर होतात. झटका येतो, पण कळ येत नाही. दरदरून घाम, जिना चढताना अचानक लागलेली धाप, अंगातले त्राण जाणे, एवढ्यावरच भागते आणि माणूस गॅस समजून सोडा पितो. मधुमेह्याला असे झाले तर त्याला पाळी संपेपर्यंत थांबवू नका, ताबडतोब ईसीजीला न्या.