मुक्या अस्थींचा आवाज

ज्या यंत्राने मेंदूच्या घड्या स्वच्छ दाखवाव्यात, त्याच्याच चित्रात हाडाचा कठीण भाग मात्र काळाठिक्कर दिसावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील मोठी विलक्षण गोष्ट होय. हे यंत्र रुग्णालयांत एम. आर. आय. या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

त्याचे मूळ १९४६ सालातले. त्या सुमारास अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक यांनी पाण्यात आणि एडवर्ड पर्सेल यांनी मेणात एकच चमत्कार पाहिला. प्रबळ चुंबकक्षेत्रातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना योग्य रेडिओलहरींनी चाळविले, की ती त्या लहरींना साद देतात. या शोधाबद्दल दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक लाभले.

१९७३ साली न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथील पॉल लॉटरबर यांनी अशा सादेवरून पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र प्रसिद्ध केले. चुंबकक्षेत्राचा उतार निरनिराळ्या दिशांना ठेवून अनेक कोनांतून नोंदी घ्यायच्या आणि त्या जुळवून आकृती उभी करायची, ही त्यांची रीत. ‘नेचर’ नियतकालिकाने हा लेख आरंभी नाकारला होता. २००३ साली याच कार्यासाठी लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळाले.

तथापि ती कोनाकोनांची रीत लवकरच मागे पडली. १९७५ साली झुरिक येथे अनिल कुमार, वेल्टी आणि अर्न्स्ट यांनी फूरियेच्या गणितावर आधारलेली पद्धती मांडली आणि तिच्या सुधारित रूपांनी रुग्णालये काबीज केली. चित्रे सुरेख येऊ लागली. पण नोंद सुरू होईपर्यंत काही मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही हजारांश, निघून जात. स्नायूंची साद कित्येक मिलिसेकंद टिकते, म्हणून तिला हा विलंब बाधत नाही. हाडाच्या कठीण कवचाची साद मात्र जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदात विरते. हाड मुके नव्हते. ऐकणाराच उशिरा येत होता!

यावर उपाय निघाला तो त्या टाकून दिलेल्या रीतीतूनच. १९९१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फुप्फुसांसाठी तिचा आश्रय घेतला. कारण तेथे हवेच्या असंख्य पोकळ्यांमुळे चुंबकक्षेत्र विस्कटते आणि साद झटकन मावळते. पुढे २००३ च्या सुमारास ग्रॅम बिडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरा, गुडघ्यातील अर्धचंद्राकृती कूर्चा व हाडे यांच्याकडे हीच दृष्टी वळविली. लहरींचा मारा थांबताच, मिलिसेकंदाच्या दशांशाहूनही कमी अवधीत, नोंद सुरू करावयाची. हीच अतिलघु प्रतिध्वनिकालाची पद्धती. गंमत अशी, की नावात प्रतिध्वनी असला, तरी येथे प्रतिध्वनीची वाट न पाहता मूळ सादच टिपली जाते. स्नायू आणि मेद यांच्या गलबल्यात हाडाचा क्षीण स्वर बुडू नये म्हणून अंमळ उशिरा दुसरे चित्र घेऊन ते पहिल्यातून वजा करतात. जे लवकर विझते, तेवढेच उरते.

मोडलेल्या हाडासाठी क्ष-किरणांची थोरवी आजही कायम आहे. परंतु ज्या बालकाची फुप्फुसे वरचेवर तपासावी लागतात, त्याला क्ष-किरणांचा वारंवार मारा टळणे, हा लहान लाभ नव्हे. काळ्या जागेला रिकामी जागा समजू नये, आणि मागे पडलेल्या रीतीला निरुपयोगी म्हणू नये, एवढा बोध या इतिहासातून घेण्यासारखा आहे.