हेडविगची चित्रे आणि शेवाळीची ओळख
ओलसर भिंतींवर व खडकांवर वाढणाऱ्या शेवाळीचे, म्हणजेच मॉसचे, चित्र रॉबर्ट हुक याने १६६५ मध्येच सूक्ष्मदर्शकातून पाहून प्रसिद्ध केले होते. तरीही फुले नसलेल्या या वनस्पतीचे प्रजनन कसे होते, हे पुढे शतकभर उलगडले नाही, आणि लिनीअससारख्या थोर वर्गीकरणकारानेही तिच्या देठावरील बीजुकांची, म्हणजे पुनरुत्पादक कणांची, कुपी हा परागकोशच मानला.

ही कोंडी फोडली ती सॅक्सनीतील केम्निट्स येथे वैद्यकी करणाऱ्या योहान हेडविग याने. रुग्णसेवेतून उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकापाशी घालवून त्याने शेवाळीतील रेतुकाशय व अंदुककलश, म्हणजे अनुक्रमे नर व मादी प्रजननेंद्रिये, ओळखली आणि कुपीच्या तोंडाभोवतीच्या दातांना वर्गीकरणात मानाचे स्थान दिले. फ्युनारिया या शेवाळीत असे सोळा बाह्य दात पिळदार होऊन टोकाशी एका चिमुकल्या चकतीला जुळलेले असतात. हवा कोरडी झाली की त्यांमधल्या फटी रुंदावतात व बीजुके बाहेर पडतात. ही रचना ज्याने एकदा स्वतः पाहिली, त्याला हेडविगच्या चिकाटीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतरही शेवाळीचे अभ्यासक हेडविगप्रमाणेच दीर्घकाळ हाताच्या रेखाटनाला धरून राहिले. १८३६ ते १८५५ या काळात निघालेला ‘ब्रायोलॉजिया युरोपिया’ हा महाग्रंथही हाताने काढलेल्या चित्रांवरच उभा आहे. यात निव्वळ जुन्याचा आग्रह नव्हता. सूक्ष्मदर्शकात एका वेळी वस्तूचा अगदी पातळ थर स्पष्ट दिसतो. चित्रकार भिंग वरखाली करून सर्व थर पाहतो व एकाच आकृतीत आणतो, तर कॅमेरा एकच थर टिपतो. अलीकडे वेगवेगळ्या खोलीवर घेतलेली अनेक छायाचित्रे संगणकावर एकत्र करून सर्वांगी स्पष्ट प्रतिमा तयार केली जाते, आणि हेडविगच्या हाताने केलेले काम त्यामुळे प्रथमच यंत्राला साधले आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

हेडविग १७९९ मध्ये वारला आणि त्याचा मुख्य ग्रंथ १८०१ मध्ये, त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. स्फॅग्नम व त्याचे जवळचे आप्त वगळता शेवाळींच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात याच ग्रंथापासून धरली जाते; त्यातील एखाद्या नावाविषयी मतभेद झाल्यास केवळ छायाचित्रावर भागत नाही, तर जिनिव्हा येथे जतन केलेल्या हेडविगच्या संग्रहातील वाळलेले नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागतात.