एका छोट्या राष्ट्राची शिष्टाई



मदर तेरेसा यांचा जन्म १९१० साली स्कोप्ये या गावी झाला. तेव्हा तेथे उस्मानी तुर्कांचे राज्य होते. पुढे ते युगोस्लाव्हियात गेले, आणि आज ते उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे या राष्ट्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख. आपल्याकडील कित्येक जिल्हे त्याहून मोठे आहेत. त्याला समुद्रकिनारा नाही, सैन्याचा दरारा नाही, खजिना भरलेला नाही. युरोपीय संघात प्रवेश मिळावा म्हणून त्याने २००४ साली अर्ज केला. त्या संघाचा नियम असा की, नव्या राष्ट्राच्या प्रवेशाच्या प्रत्येक पायरीवर सर्व सभासदांचे एकमत हवे. म्हणजे एकाही शेजाऱ्याने मान हलवली की दार बंद! अशा उमेदवार राष्ट्राने आपली शिष्टाई बळकट करावी ती कशाच्या बळावर?

या राष्ट्राची पहिली अडचण होती त्याचे नाव. १९९१ साली ते स्वतंत्र झाले ते ‘मॅसिडोनिया’ या नावाने. परंतु ग्रीसच्या उत्तरेकडील प्रांताचे नावही तेच. अलेक्झांडरची जन्मभूमीही तीच. आज नावावर हक्क सांगणारा उद्या भूमीवरही सांगेल, ही ग्रीकांची भीती अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. १९९३ साली संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला तो ‘भूतपूर्व युगोस्लाव्ह मॅसिडोनिया प्रजासत्ताक’ अशा तात्पुरत्या संबोधनाने. आसन कोणत्या अक्षराखाली द्यावे यावरही तंटा झाला, आणि अखेर त्या लांबलचक संबोधनाआधीच्या इंग्रजी ‘द’ या उपपदाचा आधार घेऊन थायलंडशेजारी खुर्ची मांडण्यात आली. हसू येण्यासारखी गोष्ट खरी. पण १९९४ साली ग्रीसने व्यापारबंदी पुकारून थेसालोनिकीचे बंदर या देशाला बंद केले, तेव्हा हसण्यासारखे काही उरले नाही.

१९९५ साली न्यूयॉर्क येथे तात्पुरता करार झाला. तात्पुरत्या नावाने हा देश आंतरराष्ट्रीय संस्थांत येत असेल तर आडवे यायचे नाही, असे ग्रीसने लिहून दिले. तरीही २००८ साली बुखारेस्टच्या बैठकीत नाटोचे दार उघडले नाही. तेव्हा या छोट्या राष्ट्राने कायद्याची वाट धरली. २०११ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी निर्णय दिला की, ग्रीसने कराराचा भंग केला आहे. दुर्बळाला लेखी शब्द हेच शस्त्र, हे येथे दिसले. पण त्याच वर्षी स्कोप्येच्या मुख्य चौकात एक प्रचंड अश्वारूढ योद्धा उभा राहिला, आणि तो अलेक्झांडर आहे हे कोणाला सांगावे लागले नाही. न्यायालयात जे मिळवले ते चौकात घालवले!

२०१७ साली नवे सरकार आले. त्याने विमानतळाचे अलेक्झांडरचे नाव काढले आणि ग्रीसकडे जाणाऱ्या महामार्गाला ‘मैत्री’ हे नाव दिले. १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी झाएव आणि त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या उपस्थितीत करार झाला. देशाने ‘उत्तर मॅसिडोनिया’ हे नाव पत्करले. भाषेचे ‘मॅसिडोनियन’ हे नाव मात्र राखले. सप्टेंबरात लोकमत घेतले, तेव्हा मते देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी होकार दिला. परंतु मतदान झाले केवळ ३७ टक्क्यांच्या आसपास. निम्मे मतदार घरीच राहिले, त्याहूनही अधिक! मग संसदेने दोन तृतीयांश मतांनी घटना बदलली.

आता या कराराचा हिशेब पाहा. नाटोचा प्रवेश ग्रीसच्या हातात होता, आणि ग्रीसने त्याला संमती दिल्यावाचून करार अमलातच यायचा नव्हता. ती संमती मिळाली, आणि २०२० च्या मार्चमध्ये प्रवेशही झाला. पण युरोपीय संघाचे दार एकट्या ग्रीसच्या हाती नव्हते. २०१९ च्या ऑक्टोबरात फ्रान्सने वाटाघाटींना नकार दिला. २०२० च्या नोव्हेंबरात भाषा आणि इतिहास यांच्या प्रश्नावर बल्गेरियाने. सवलत घेतली एकाने आणि मोबदला राहिला दुसऱ्यांच्या हाती. माझ्या मते मुत्सद्देगिरीचा पहिला धडा हाच की, द्यायचे ते त्यालाच द्यावे, ज्याच्याकडे परतफेडीचे सामर्थ्य आहे. आणि देणे व घेणे एकाच कागदावर असावे.

दुसरा धडा क्रोएशियाचा. पिरानच्या उपसागरातील सीमेवरून स्लोव्हेनियाने त्याची वाट अडवली होती. २००९ साली दोघांनी तो तंटा लवादाकडे सोपवून प्रवेशाच्या वाटेवरून बाजूला काढला, आणि २०१३ साली क्रोएशिया संघात दाखल झाला. पुढे क्रोएशियाने तो लवाद नाकारला, हे लपवण्याचे कारण नाही. तथापि भांडण दारातून हलवले, म्हणूनच दार उघडले. मॅसिडोनियाच्या बाबतीत उलट घडले. २०२२ साली वाटाघाटींचा प्रारंभ झाला तो एक अट स्वीकारून: राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करावा. शिरगणतीत ते साडेतीन हजारांच्या आसपास. त्यांना मान देण्यात गैर काही नाही. परंतु लोकांना वाटले, नाव दिले, आता आणखी काय द्यायचे? २०२४ च्या निवडणुकीत त्यांनी सरकार बदलले. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेजारचा अल्बानिया पुढच्या पायरीवर गेला. उत्तर मॅसिडोनिया जागीच राहिला.

म्हणून तिसरा धडा घरचा. परक्या राजधानीत केलेला करार आपल्या गावच्या पारावर पटवता आला नाही, तर तो अर्धाच राहतो. ३७ टक्क्यांचा तो आकडा हीच सूचना देत होता.

आणि दोष केवळ धाकट्याचाच का मानावा? बाल्कन राष्ट्रांचे भवितव्य युरोपीय संघात आहे, असे वचन त्या संघाने २००३ साली दिले, तेही थेसालोनिकी येथेच. ज्याचे बंदर एकदा या देशाला बंद झाले होते त्याच नगरात. लहान राष्ट्राने शब्द पाळावा असे सांगण्याचा अधिकार थोरांना असतो, पण तो त्यांनी स्वतःचा शब्द पाळला तर. ज्याने दारात उभे राहण्यासाठी आपले नाव बदलले, त्याला आणखी किती वेळ उभे ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर स्कोप्येला द्यावयाचे नाही. ते घराच्या धन्यांना द्यावयाचे आहे.